चित्रकार राजा रविवर्मा आणि घाटकोपरचा छापखाना

दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या सायंकाळी अथवा दसऱ्यास पाटीपूजनाच्या वेळी आपल्यापुढे देवीची जी तसबीर मांडलेली असते, तिच्याकडे विद्यार्थिमित्रांनी एकदा नीट निरखून पाहावे. पाण्यातील कमळावर उभी असलेली लक्ष्मी, मागे सोंडेत माळ घेतलेला हत्ती. किंवा खडकावर बसून वीणा वाजविणारी शुभ्रवसना सरस्वती आणि तिच्याजवळचा मोर. ही रूपे आपल्या इतकी ओळखीची झाली आहेत, की ती अनादिकाळापासून अशीच चालत आली असावीत असे वाटते. परंतु तसे नाही. ही दोन्ही चित्रे एका मनुष्याने १८९६ साली तेलरंगांत रंगविली. तत्पूर्वी लक्ष्मीसरस्वतींच्या मूर्ती होत्या, पोथ्यांतून त्यांची वर्णने होती. पण आपल्या शेजारच्या घरातील एखादी सुशील गृहिणीच अंगणात येऊन उभी राहावी, असे त्यांचे रूप कोणी पाहिलेले नव्हते. ते दाखविणाऱ्या चित्रकाराचे नाव राजा रविवर्मा.

रविवर्मा हे मलबाराकडील त्रावणकोर संस्थानचे रहिवासी. त्यांची मातृभाषा मल्याळम. असे असूनही मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या आपण सर्वांनी त्यांचे चरित्र आपुलकीने वाचावे, याला कारण आहे. रविवर्म्यांच्या चित्रांच्या प्रती ज्या छापखान्यातून निघून देशभर पसरल्या, त्याचा मुक्काम काही वर्षे आपल्या घाटकोपरास होता. त्या छापखान्याने त्यांना लोकांच्या घरी नेले आणि त्यानेच त्यांना कर्जात लोटले. रसिकांमध्ये त्यांच्याविषयी जो वाद पुढे माजला, त्याचेही मूळ बऱ्याच अंशी तेथेच आहे. म्हणून त्यांच्या आयुष्याची हकीकत सांगताना त्या छापखान्यापाशी आपणांस थोडा वेळ थांबावे लागेल.

रविवर्म्यांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी किळिमानूर येथे झाला. किळिमानूरचे घराणे त्रावणकोरच्या राजघराण्याशी विवाहसंबंधांनी जोडलेले होते. वडील नीलकंठन् भट्टतिरिपाद हे संस्कृतचे जाणकार, तर आई उमांबा स्वतः कवयित्री. घरात कथकळीचे खेळ, संस्कृत काव्यांचे पठन आणि पुराणकथा यांचा नित्य राबता असे. नळदमयंती, शकुंतला, द्रौपदी ही मंडळी ह्या मुलाला पुस्तकांतून भेटण्यापूर्वी गाण्यांतून आणि नाट्यांतून भेटली. लहानपणी कोळशाने घराच्या भिंतींवर हत्ती-घोडे काढण्याचा त्याला नाद होता. कोणत्याही घरी अशा मुलाच्या पाठीत धपाटा बसावयाचा. पण रविवर्म्यांचे मामा राजराजवर्मा हे स्वतः तंजावरी पद्धतीची चित्रे काढीत असत. त्यांनी भिंतीवरचे डाग पाहिले नाहीत, त्या डागांतील रेषा पाहिली. त्यांनीच भाच्याला चित्रकलेचे पहिले धडे दिले.

१८६२ साली, चौदा वर्षांच्या रविवर्म्यांना घेऊन मामा त्रिवेंद्रमला गेले आणि महाराज आयिल्यम तिरुनाळ यांना भेटले. महाराजांना मुलाची चित्रे पसंत पडली व त्याने राजधानीत राहून अभ्यास करावा अशी व्यवस्था झाली. येथपर्यंत सारे सुरळीत झाले. ह्यापुढे मात्र खरी परीक्षा होती. दरबारात रामस्वामी नायडू नावाचे चित्रकार होते. तेलरंगांत चित्रे काढण्याची युरोपीय विद्या त्या भागात त्यांनाच अवगत होती, आणि ती त्यांनी कृपणाच्या धनाप्रमाणे जपून ठेवलेली होती. राजाच्या नात्यातील हा मुलगा उद्या आपला प्रतिस्पर्धी होईल, अशी त्यांना धास्ती वाटली असावी. त्यांनी रविवर्म्यांना शिकविण्याचे साफ नाकारले.

ही विद्या एवढी मोलाची का मानली जात असे, हे ध्यानात घेतले पाहिजे. आपल्या जुन्या चित्रकारांचे रंग पाण्यात वा डिंकात कालविलेले असत. ते चटकन वाळतात; म्हणून त्यांत रेषा नाजूक उतरते, पण एका रंगातून दुसऱ्या रंगात हळूहळू जाणे कठीण पडते. जवसाच्या तेलात खललेला रंग पुष्कळ वेळ ओला राहतो. गालावरील उजेड हनुवटीखालच्या सावलीत कोठे विरून गेला हे कळू नये, अशा रीतीने तो मिसळता येतो. रेशमाची चकाकी, मोत्याचे पाणी, डोळ्यांतील ओल ही सर्व त्यात साधतात. युरोपात हे तंत्र काही शतकांचे जुने होते. आपल्याकडील तरुणाला मात्र ते शिकविण्यास कोणी गुरू नव्हता.

१८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा एक चित्रकार महाराजांची चित्रे काढण्यासाठी त्रिवेंद्रमला आला. महाराजांनी त्याच्याकडे रविवर्म्यांसाठी शब्द टाकला. त्यानेही शिकविण्याचे मान्य केले नाही. आपण काम करीत असता मुलाने दुरून पाहावे, एवढीच सवलत दिली. दुसरा कोणी असता तर मानी स्वभावाने घरी निघून गेला असता. रविवर्मा मात्र पाहत बसले. कुंचला कसा धरतात, पहिला हात कोणत्या रंगाचा देतात, चेहऱ्यावर अखेरचा उजेड केव्हा ठेवतात, हे सारे ते डोळ्यांनी टिपून घेत आणि आपल्या खोलीवर परत आल्यावर तसे करून पाहत. चुकले की पुसत, पुन्हा पाहत, पुन्हा करीत. ह्या शिक्षणात एक गुण असा होता, की शिकविणाऱ्याचे बोट धरून चालण्याची सवय त्यांना कधी लागलीच नाही. त्यातील दोषही खराच आहे. शरीररचनेचा जो पद्धतशीर अभ्यास युरोपातील कलाशाळांत करून घेतात तो त्यांना लाभला नाही, आणि त्यांच्या काही चित्रांतील आकृती त्यामुळे किंचित अवघडलेल्या दिसतात.

१८७० साली रविवर्म्यांनी मूकांबिकेची यात्रा केली. त्याच सुमारास कालिकतच्या एका न्यायाधीशांच्या कुटुंबाचे चित्र त्यांनी काढले आणि त्याबद्दल त्यांना मोबदला मिळाला. राजघराण्याशी संबंध असलेल्या पुरुषाने चित्रे काढून पैसे घ्यावेत, ही गोष्ट त्या काळी पुष्कळांना कमीपणाची वाटे. रविवर्म्यांनी तो संकोच बाजूस सारला. चित्र काढणे हा आपला व्यवसाय आहे असे त्यांनी ठरविले, आणि शेवटपर्यंत ते ह्या व्यवसायाला जागले.

यानंतर यश लवकर आले. १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्रास गव्हर्नरचे सुवर्णपदक मिळाले. केसांत मोगऱ्याची माळ घालणाऱ्या नायर स्त्रीचे ते चित्र त्याच वर्षी व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनातही वाखाणले गेले. पुढे कमळाच्या पानावर दुष्यंतास पत्र लिहिणारी शकुंतला त्यांनी रंगविली. ते चित्र मद्रासचे गव्हर्नर ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी घेतले, आणि संस्कृतचे पंडित मोनिअर विल्यम्स यांनी आपल्या शाकुंतलाच्या इंग्रजी भाषांतराच्या आरंभी ते छापले. ज्यांना शिकविण्यास कोणी तयार नव्हते, त्यांची कला आता युरोपात जाऊन पोहोचली. ते स्वतः मात्र समुद्र ओलांडून कधीच गेले नाहीत.

आता ही हकीकत आपल्या प्रांताच्या जवळ येते. सर टी. माधवराव हे नाव आपण इतिहासात वाचले असेल. तंजावराकडे स्थायिक झालेल्या मराठी घराण्यात ते जन्मले. प्रथम ते त्रावणकोरचे दिवाण होते आणि १८७५ पासून बडोद्याचे दिवाण झाले. त्याच वर्षी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा दत्तक येऊन बडोद्याच्या गादीवर बसला होता. हेच पुढे थोरले सयाजीराव म्हणून कीर्ती पावले. १८८१ साली सयाजीरावांना राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार मिळाले, त्या समारंभाच्या निमित्ताने माधवरावांनी रविवर्म्यांना बडोद्यास बोलावून घेतले. सोबत धाकटे बंधू राजराजवर्मा होते. मामांचेच नाव धारण करणारे हे बंधू स्वतः चांगले चित्रकार होते, विशेषतः निसर्गदृश्ये काढण्यात त्यांचा हात धरणारा विरळा. ह्यापुढे दोघे भाऊ जोडीनेच हिंडले व जोडीनेच काम करीत राहिले.

१८८८ साली सयाजीरावांनी महाभारत-पुराणांतील प्रसंगांची चौदा मोठी चित्रे काढण्याचे काम रविवर्म्यांवर सोपविले आणि त्याबद्दल पन्नास हजार रुपये ठरविले. काम हाती घेताच एक प्रश्न उभा राहिला. तो वरवर साधा असला तरी वस्तुतः फार मोठा होता. दमयंती नेसत असे ते वस्त्र कसे होते? सुभद्रेच्या अंगावर दागिने कोणते? मलबारातील स्त्रीचा पोशाख द्यावा तर काशीचा मनुष्य तिला द्रौपदी म्हणून ओळखणार नाही. बंगाली पोशाख द्यावा तर मद्रासचा मनुष्य ओळखणार नाही. ह्या प्रश्नाचे उत्तर शोधीत दोघे भाऊ उत्तर हिंदुस्थानात पुष्कळ हिंडले. देवळांतील मूर्ती, जुनी चित्रे, यात्रेकरूंचे समुदाय यांचे त्यांनी निरीक्षण केले. सर्व देशाला मान्य होईल असा एकच प्राचीन वेष त्यांना कोठेही सापडला नाही. तेव्हा त्यांनी तो आपल्या कल्पनेने सिद्ध केला. त्यांच्या कित्येक नायिकांच्या अंगावर नऊवारी लुगडे दिसते, ते येथूनच आलेले आहे. मुंबईत राहत असता महाराष्ट्रीय स्त्रियांचा पेहेराव त्यांच्या दृष्टीस नित्य पडे. त्या नेसणीत चालण्यास मोकळेपणा आहे आणि निऱ्यांवर उजेड-सावलीचा खेळ दाखविण्यास वावही आहे. प्रसिद्ध गायिका अंजनीबाई मालपेकर यांच्यावरून त्यांनी काही चित्रे काढली, असेही सांगतात.

नळदमयंती, शंतनू-मत्स्यगंधा, विश्वामित्र-मेनका, अर्जुन-सुभद्रा, हरिश्चंद्र-तारामती, कंसमाया ही त्या चित्रमालेतील काही नावे. ती वाचताच रविवर्म्यांची दृष्टी ध्यानात येते. युद्ध, वध, चमत्कार यांपेक्षा मनुष्याच्या मनात काहीतरी निर्णायक घडत आहे असा क्षण ते निवडीत. देवादिकांना त्यांनी हाडामांसाचे शरीर दिले आणि त्या शरीरात आपल्यासारखेच लज्जा, भीती, मोह, वात्सल्य हे भाव भरले. त्यांनी निवडलेली पात्रे बहुधा एखाद्या नाटकाच्या प्रवेशात उभी राहावीत तशी उभी असतात, व त्यांच्यावरचा उजेडही रंगभूमीवरच्या उजेडासारखा असतो. लहानपणची कथकळी आणि मुंबईत पाहिलेली नाटके या दोहोंचा संस्कार त्यात दिसतो. तंत्र युरोपचे, विषय आपल्या पुराणांचे आणि चेहरे रोज रस्त्यात भेटणाऱ्या माणसांचे, अशी ही त्रिवेणी होती. १८८९ सालच्या त्यांच्या एका चित्रात निरनिराळ्या प्रांतांच्या अकरा स्त्रिया एकत्र बसून गानवादन करीत आहेत. एकीचा वेष दुसरीस मिळत नाही, तरी सभा मात्र एक आहे. राष्ट्रीय सभा स्थापन होऊन तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या चित्राचा अर्थ अधिक खुलतो.

बडोद्याची चित्रे तयार झाल्यावर ती बडोद्यास व मुंबईस लोकांना दाखविण्यात आली. त्यांना पाहण्यास जी गर्दी लोटली, तिचे त्या काळी मोठे नवल झाले. राजवाड्यात पाऊल ठेवण्याचा प्रसंग ज्यांना आयुष्यात आला नसता, असे लोक आपल्या बायकामुलांना घेऊन आले. त्या चित्रांची छायाचित्रे हजारोंनी खपली. मग चित्रे राजवाड्यात गेली आणि दार पुन्हा लागले.

इथे माधवरावांचा जुना सल्ला रविवर्म्यांना आठवला असला पाहिजे. १८८४ च्या सुमारास त्यांनी पत्राने असे सुचविले होते, की तुमच्या चित्रांची मागणी फार आहे आणि तुम्हांला हात तर दोनच आहेत. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापून घ्याव्यात, म्हणजे तुमची कीर्ती वाढेल व देशाचीही खरी सेवा घडेल. माधवराव १८९१ साली निवर्तले. रविवर्म्यांनी त्यांच्या सूचनेच्याही एक पाऊल पुढे जाण्याचे ठरविले. चित्रे परदेशी धाडण्याऐवजी यंत्रेच इकडे आणावयाची! रंगीत देवदेवतांची चित्रे छापणारे ते काही पहिलेच नव्हते. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढली होती आणि तिची शिळाछापाची चित्रे महाराष्ट्रात लोकप्रिय होती. परंतु तेलचित्राची सारी नजाकत कागदावर उतरावी, ही रविवर्म्यांची आकांक्षा होती. त्यासाठी जर्मनीहून यंत्रसामग्री मागविण्यात आली, तेथूनच कारागीर आले, मुंबईचे व्यापारी गोवर्धनदास खटाव मखनजी यांची भागीदारी मिळाली, आणि १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू झाला. व्यवस्था पाहण्याचे काम मुख्यतः बंधू राजराजवर्मा यांच्याकडे आले. छापखान्यातून बाहेर पडलेले पहिले चित्र शकुंतलेच्या जन्माचे होते. त्यात मेनका तान्ही मुलगी पुढे करीत आहे आणि विश्वामित्र हात वर करून तोंड फिरवीत आहेत.

हे चित्र कसे छापीत, हे विद्यार्थ्यांनी समजून घेण्याजोगे आहे. बव्हेरिया प्रांतात एक प्रकारचा अत्यंत बारीक कणांचा चुनखडीचा दगड सापडतो. त्याची फरशी घासून गुळगुळीत करतात व तिच्यावर तेलकट खडूने चित्र काढतात. नंतर फरशी पाण्याने ओली करतात. जेथे खडू लागला आहे तेथे पाणी धरत नाही. जेथे खडू नाही तेथे दगड पाणी पितो. आता तेलकट शाईचा रूळ फिरवला, की शाई फक्त खडूच्या जागी चिकटते, कारण तेल आणि पाणी यांचे हाडवैर आहे. त्यावर कागद दाबला की चित्र उलटे होऊन उमटते; म्हणून दगडावर ते मुळातच उलटे काढावे लागते. हे झाले एका रंगाचे. प्रत्येक रंगासाठी निराळा दगड लागतो, आणि एका चित्रास दहा-पंधरा दगड लागणे ही नेहमीची गोष्ट. तोच कागद तितक्या वेळा यंत्रातून जातो. प्रत्येक वेळी तो नेमक्या जागी बसला पाहिजे. केसभर जरी सरकला, तरी लक्ष्मीच्या ओठांचा रंग गालावर जाऊन बसेल! अखेरीस रोगण चढवून व कापडाच्या विणीचा ठसा उमटवून कागदाला तेलचित्राचा आभास आणीत. अशा चित्रास ऑलिओग्राफ म्हणत.

मळवलीस जाण्यापूर्वी हा छापखाना घाटकोपरास होता. आज ज्या घाटकोपरात रेल्वेच्या दोन्ही अंगांना इमारतींची दाटी झाली आहे, ते त्या काळी मुंबई शहराच्या हद्दीबाहेरचे गाव होते. १८५३ साली सुरू झालेला मुंबई-ठाण्याचा लोहमार्ग गावावरून जात होता, आणि दगड, कागद व तयार माल यांची ने-आण करण्यास अशी जागा सोईची होती. गावाचा समावेश मुंबई महापालिकेत व्हावयास १९५० साल उजाडले. त्या जर्मन यंत्रांतून निघालेले कागद फेरीवाल्यांच्या, दुकानदारांच्या आणि यात्रेकरूंच्या हातांनी देशाच्या कानाकोपऱ्यात जाऊन पोहोचले. कोणी ते चौकटीत बसविले, कोणी देवीच्या साडीवर जरीचे धागे व मणी शिवून ते सजविले, कोणी त्यांच्यापुढे निरांजन ओवाळले.

ह्या गोष्टीचा खरा अर्थ समजण्यासाठी तो काळ नजरेसमोर आणला पाहिजे. ज्यांना अस्पृश्य मानीत, त्यांना देवळात प्रवेश नव्हता. आपल्याच महाराष्ट्रात नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली १९३० साली सत्याग्रह करावा लागला. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार सर्वांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. अशा देशात १८९४ साली काही आण्यारुपयांच्या कागदावर देवाची मूर्ती विकत मिळू लागली. ती घेण्यास कोणाची जात कोणी विचारीत नव्हते. तिच्यापुढे हात जोडण्यासाठी पुजाऱ्याची परवानगी लागत नव्हती. छापखाना काढताना रविवर्म्यांच्या मनात व्यापाराचाही विचार होता, हे खरे. तथापि ज्या वस्तूचे दर्शन राजवाड्याच्या वा गाभाऱ्याच्या दारापाशी अडत होते, ती ह्या व्यापाराने झोपडीपर्यंत नेली, हेही तितकेच खरे आहे.

दैव मात्र अनुकूल नव्हते. १८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेगाची साथ सुरू झाली. लोक शहर सोडून पळू लागले, कारागीर मिळेनात, बाजार बसला. त्यातच भांडवल अडकलेले आणि जर्मन यंत्रांचा व माणसांचा खर्च मोठा. छापखाना १८९९ साली लोणावळ्याजवळ मळवलीस हलविण्यात आला. परंतु कर्ज हलके झाले नाही. दोघे भाऊ चित्रे काढून मिळवीत ते छापखाना गिळीत असे. अखेर १९०१ साली त्यांनी तो तेथीलच जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांना विकून टाकला. व्यवहाराच्या दृष्टीने हा पराभवच होता. कुंचल्यात निष्णात असलेला मनुष्य हिशेबाच्या वहीतही निष्णात असतोच असे नाही, आणि रविवर्म्यांनी त्याची किंमत पुरेपूर मोजली.

काम मात्र थांबले नाही. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांच्या चित्रांना पदके मिळाली होतीच. पुढे उदेपूर, म्हैसूर अशा संस्थानांतून निमंत्रणे येत राहिली. १९०४ साली सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिले. त्या प्रसंगी त्यांचा उल्लेख राजा असा झाला आणि तेच नाव रूढ झाले. कोणत्याही संस्थानाचे ते राजे नव्हते. दुसऱ्याच वर्षी, १९०५ च्या आरंभी, बंधू राजराजवर्मा यांचा मृत्यू झाला. ज्या चित्रांवर केवळ रविवर्म्यांचे नाव आपण वाचतो, त्यांतील कितीतरी झाडे, आभाळे व डोंगर ह्या धाकट्या भावाच्या हातचे आहेत. त्याच्या वियोगाने आणि मधुमेहाने खचलेले रविवर्मा २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी निवर्तले.

त्यांच्या मागे त्यांच्यावर कठोर टीका झाली. बंगालमध्ये अवनींद्रनाथ ठाकूर व त्यांचे सहकारी अजिंठ्याच्या आणि मोगल चित्रांच्या परंपरेतून नवी स्वदेशी कला निर्माण करू पाहत होते. त्यांच्या दृष्टीने रविवर्म्यांची चित्रे म्हणजे विलायती नाटकी थाटावर चढविलेला देशी पोशाख होता. भगिनी निवेदितांना जमिनीवर पालथी पडून पत्र लिहिणारी शकुंतला शालीन वाटली नाही. आनंद कुमारस्वामींना त्यांच्या देवांत देवपण दिसले नाही. शिवाय छापील प्रतींचे रंग मूळ चित्रांपेक्षा भडक असत, आणि पुढे त्यांचीच नक्कल दिनदर्शिकांवर व मालाच्या जाहिरातींवर झाली. त्या सर्वांचा दोष मूळ चित्रकाराच्या माथी आला. ही टीका अगदीच निराधार म्हणता येत नाही. अजिंठ्याच्या भिंतीवर एक बोधिसत्त्व नुसत्या झुकलेल्या पापण्यांनी जे सांगतो, ते रविवर्म्यांची पात्रे कित्येकदा हातवारे करून सांगतात. परंतु टीकाकारांची चित्रे थोड्या रसिकांनी पाहिली, आणि रविवर्म्यांची चित्रे करोडो लोकांनी आपल्या घरात ठेवली. यांपैकी कोणती गोष्ट थोर, याचा निवाडा एका वाक्यात होण्यासारखा नाही. कलेला दोहोंची गरज असते: तिला उंच नेणाऱ्यांची आणि तिला दूर नेणाऱ्यांची.

छापखान्याची कथा रविवर्म्यांबरोबर संपली नाही. श्लायशर यांनी तो भरभराटीस आणला. धुरंधरांसारख्या आपल्या चित्रकारांची चित्रेही तेथून निघाली. दादासाहेब फाळके काही काळ ह्याच छापखान्याच्या कामात होते. १९१३ साली त्यांनी राजा हरिश्चंद्राचा पहिला चित्रपट काढला, तेव्हा रविवर्म्यांनी स्थिर रंगविलेली पुराणे पडद्यावर हालूचालू लागली. १९७२ साली मळवलीचा छापखाना आगीत भस्मसात झाला. मूळ चित्रे मात्र बडोद्यास, म्हैसूरला आणि तिरुवनंतपुरमला आजही पाहावयास मिळतात. भारत सरकारने १९७९ साली त्यांची गणना राष्ट्रीय कलानिधीत केली.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हे चरित्र पुरे व्हावयाचे नाही. १९०० साली रविवर्म्यांच्या दोन नाती त्रावणकोरच्या राजघराण्यात दत्तक गेल्या. त्यांपैकी सेतु पार्वतीबाई यांचे चिरंजीव श्री चित्तिर तिरुनाळ पुढे गादीवर आले. १२ नोव्हेंबर १९३६ रोजी त्यांनी जाहीरनामा काढला आणि आपल्या संस्थानातील सरकारी देवळे सर्व जातींच्या हिंदूंना खुली केली. पणजोबांनी देव कागदावर छापून लोकांच्या घरी धाडले होते. पणतवाने लोकांना देवाच्या घरी येऊ दिले. त्या जाहीरनाम्यामागे लोकांची अनेक वर्षांची झुंज होती, आणि त्याचे श्रेय एका घराण्यास देणे उचित नव्हे. तरीही दोन्ही गोष्टी एका शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे मन प्रसन्न होते.

विद्यार्थिमित्रहो, आपल्यापैकी प्रत्येकास केव्हा ना केव्हा असा प्रसंग येतो, की आपणांस जे शिकावयाचे आहे ते शिकविण्यास कोणी राजी नसतो. अशा वेळी रुसून बसणे सोपे, आणि पुढे स्वतः ज्ञानी झाल्यावर तोच हिशेब दुसऱ्यावर उगविणे त्याहूनही सोपे. रामस्वामी नायडूंनी आपली विद्या झाकून ठेवली. आज त्यांचे नाव लोकांना आठवते ते केवळ त्या नकारामुळे. ज्यांना त्यांनी परत धाडले, त्या मुलाने आपल्याजवळ होते ते हजार हातांनी वाटले. त्यात त्याचे पैसे गेले आणि रसिकांमधील त्याची प्रतिष्ठाही काही अंशी उणावली. पालकांनीही येथे एक गोष्ट मनात धरावी. किळिमानूरच्या त्या घरात भिंत मळविणाऱ्या मुलाच्या हातातून कोळसा हिसकावून घेतला गेला असता, तर पुढचे काहीच घडले नसते. आपल्या घरातील भिंतीवरही एखादी वेडीवाकडी रेषा उमटली असेल, तर ती पुसण्यापूर्वी क्षणभर थांबून पाहावी.